तीन अक्षरांचा घोळ

वाचकहो, दिवाळी अंक तुमच्या हाती पडतो तो फराळाच्या ताटाबरोबर. परंतु त्यातले लेख संपादकमहाशय मागतात ते श्रावणातच. बाहेर पावसाची झड लागलेली, दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळलेले नाहीत, आणि अशा वेळी लेखकाने पणत्यांच्या उजेडात वाचण्यासारखे काहीतरी खुसखुशीत लिहायचे! चकली बिघडली तर ती निदान डब्याच्या तळाशी दडवता येते. लेख बिघडला तर तो छापून घरोघर जातो.

अशाच विवंचनेत मी बसलो होतो. तेवढ्यात आमची नात रेवा वही घेऊन समोर उभी राहिली. इयत्ता सातवी, माध्यम इंग्रजी, चेहरा रडवेला.

"आजोबा, अ‍ॅब्रीव्हिएशन आणि अ‍ॅक्रोनिम यांत फरक काय? बाईंनी उद्या दहा-दहा उदाहरणं आणायला सांगितलीयेत."

बत्तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवून सेवानिवृत्त झालेल्या गृहस्थाला असला प्रश्न विचारणे म्हणजे मोराला 'जरा पिसारा दाखवता का?' असे विचारण्यासारखेच. मी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींनी "आता हिचं जेवण नऊच्या आत होत नाही" असा शेरा मारला, तिकडे मी दुर्लक्ष केले.

"असं बघ," मी म्हणालो, "अ‍ॅब्रीव्हिएशन म्हणजे संक्षेप. हे सबंध कुळाचं नाव. अ‍ॅक्रोनिम ही त्या कुळातली एक शाखा. सगळे हापूस हे आंबेच, पण सगळे आंबे काही हापूस नव्हेत. तसं."

संक्षेप करण्याच्या तऱ्हा अनेक. कधी शब्दाची शेपटी कापायची. 'प्रोफेसर'चे 'प्रोफ' झाले ते असे. कधी मुंडकेच उडवायचे. आपण रोज जिच्यामागे धावतो ती 'बस' म्हणजे मूळच्या 'ऑम्निबस'ची नुसती शेपटी. 'ऑम्निबस' हा लॅटिन शब्द, अर्थ 'सर्वांसाठी'. त्यातले 'सर्व' गळून पडले आणि उरला तो केवळ विभक्तीचा प्रत्यय. त्या प्रत्ययाला लोंबकळत अर्धी मुंबई कचेरीला जाते! कधी पहिले आणि शेवटचे अक्षर ठेवून मधले पोट काढून टाकायचे. 'डॉक्टर'चे इंग्रजीतले 'डी-आर' हे असे. इथे एक गंमत आहे. शब्दाचे शेवटचे अक्षर शिल्लक असेल तर पुढे टिंब देऊ नये, असे आजचे इंग्रज मानतात. अमेरिकन मात्र टिंब देतात. आणि कधी कधी तर शब्द एका भाषेचा नि संक्षेप दुसऱ्या भाषेचा. पौंडाच्या वजनाला 'एल-बी' लिहितात, पण 'पौंड' या शब्दात 'एल' नाही की 'बी' नाही. तो संक्षेप 'लिब्रा' या लॅटिन शब्दाचा. सकाळचे 'ए. एम.' आणि संध्याकाळचे 'पी. एम.' हीसुद्धा लॅटिनचीच देणगी.

"आणि अ‍ॅक्रोनिम?" रेवाचा धीर सुटत चालला होता.

"आलोच. अनेक शब्दांची पहिली अक्षरं घेऊन जो संक्षेप होतो, त्यात दोन जाती. एक अक्षर-अक्षर सुटं वाचायचं. बी-बी-सी. त्याला इनिशिअलिझम म्हणतात. दुसरा सबंध शब्दासारखा वाचायचा. १९४५ साली स्थापन झालेली युनेस्को, १९४९ साली झालेली नाटो. आपण 'एन-ए-टी-ओ' म्हणत नाही, 'नाटो' म्हणतो. हा खरा अ‍ॅक्रोनिम. ग्रीक भाषेत 'अक्रॉन' म्हणजे टोक. अथेन्सच्या टेकडीवरचं अक्रोपोलिस म्हणजे टोकावरचं नगर, आणि अ‍ॅक्रोनिम म्हणजे शब्दांच्या टोकांपासून बनलेलं नाव."

हा अ‍ॅक्रोनिम शब्द वाटतो प्राचीन, पण इंग्रजीत तो रुळला १९४० च्या दशकात. महायुद्धाच्या धामधुमीत सैन्याने आणि कचेऱ्यांनी लांबलचक नावांची अशी काही पैदास केली की त्यांना आखूड केल्यावाचून गत्यंतर नव्हते. मग त्या आखूड नावांच्या जातीलाही एक नाव लागले.

तेव्हा फरक ओळखायचा तो डोळ्यांनी नव्हे, कानाने. जागतिक आरोग्य संघटनेची इंग्रजी आद्याक्षरे 'डब्ल्यू-एच-ओ'. त्यांचा 'हू' असा सुंदर शब्द होऊ शकला असता. पण जग तो सुटा-सुटाच वाचते, म्हणून तो अ‍ॅक्रोनिम नव्हे. उलट त्याच संघटनेने ११ फेब्रुवारी २०२० रोजी एका रोगाचे बारसे केले. 'कोरोना'चा 'को', 'व्हायरस'चा 'व्हि' आणि इंग्रजीत रोगाला जो 'डिसीज' म्हणतात त्याचा 'ड'. झाला कोव्हिड. हा मात्र अस्सल अ‍ॅक्रोनिम.

परीक्षेत गुण जातात ते दुसऱ्याच ठिकाणी. 'एम. ए.' झालेल्या माणसाला इंग्रजीत 'अ‍ॅन एम. ए.' म्हणायचे, पण तेच पूर्ण लिहिले तर 'अ मास्टर ऑफ आर्ट्स'. कारण 'एम' या अक्षराचा उच्चार 'ए'पासून सुरू होतो आणि 'मास्टर'चा 'म'पासून. आर्टिकल पुढल्या उच्चाराकडे पाहते, लिखाणाकडे नव्हे. तसेच संस्थांच्या नावांचे. अक्षरे सुटी वाचली तर बहुधा आधी 'द' लागतो, जसे 'द बी-बी-सी'. शब्द म्हणून वाचली तर बहुधा 'द' गळतो. 'द नाटो' कोणी म्हणत नाही.

आणि काही अ‍ॅक्रोनिम तर इतके मुरतात की आपले आईबाप विसरतात. 'रडार' हा शब्द अमेरिकन नौदलाने १९४० मध्ये पाडला, तो चार इंग्रजी शब्दांच्या टोकांपासून. 'लेझर'ही तसाच. गॉर्डन गूल्ड या शास्त्रज्ञाने १९५७ साली तो आपल्या वहीत लिहिला आणि १९६० मध्ये थिओडोर मेमनने पहिला लेझर प्रत्यक्ष चालवून दाखवला. आज तो लहान लिपीत लिहितात. एवढेच नव्हे, त्यापासून 'लेझ' असे क्रियापदही निघाले आहे!

"आजोबा, मुंबईतलं काहीतरी सांगा ना," रेवा म्हणाली.

मुंबईत काय तोटा? 'बेस्ट' घ्या. १९०५ साली ही 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज' कंपनी होती. १९४७ मध्ये ती नगरपालिकेकडे आली तेव्हा ट्रामवेजच्या जागी ट्रान्सपोर्ट आले. १९६४ मध्ये तर ट्राम अजिबातच बंद झाली. पुढे 'बॉम्बे'चेही 'बृहन्मुंबई' झाले. पोटातले शब्द बदलले, पण नाव मात्र 'बेस्ट'चे 'बेस्ट'च! याच्या उलट 'व्ही-टी'. १९९६ मध्ये ती 'सी-एस-टी' झाली, २०१७ मध्ये 'सी-एस-एम-टी'. अक्षरे दोनदा बदलली, तरी जुन्या मुंबईकराच्या तोंडून अजून 'व्ही-टी' निसटतेच. आणि आपली एसटी! १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली. अक्षरे सुटी, म्हणजे व्याकरणाने इनिशिअलिझम. पण खेड्यातल्या म्हातारीने तिची 'येष्टी' केली आणि तिला मराठीत दत्तकच घेतले.

"मग मराठीत स्वतःचे अ‍ॅक्रोनिम नाहीतच?"

"वा! इंद्रधनुष्याचे रंग कसे पाठ केलेस?"

"विबग्योर!"

मी कपाळावर हात मारला. आमच्या पिढीने 'तानापिहिनिपाजा' म्हणून ते पाठ केले. तांबडा, नारंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. इंग्रजीतले 'विबग्योर' म्हणताना जीभ अडखळते. आमचा 'तानापिहिनिपाजा' कसा झुळझुळ वाहतो! याचे कारण आपल्या लिपीत आहे. इंग्रजी आद्याक्षर बहुतेक वेळा नुसते व्यंजन असते. नशिबाने मध्ये 'ए' किंवा 'ओ' आला तरच त्याचा शब्द होतो. देवनागरीचे अक्षर स्वर पोटात घेऊनच जन्माला येते. म्हणून आपली अक्षरे शेजारी मांडली की ती आपोआप वाचता येतात. 'मनपा', 'शेकाप', 'अंनिस' हे काही कोणी मुद्दाम जुळवलेले शब्द नव्हेत. ते जुळूनच येतात. पत्रातले 'सा. न. वि. वि.' आणि लग्नपत्रिकेतले 'चि. सौ. कां.' हे मात्र संक्षेप खरे, पण अ‍ॅक्रोनिम नव्हेत. कारण भटजीसुद्धा 'चिसौकां' असे म्हणत नाहीत!

माझा पिसारा आता पूर्ण उलगडला होता. रेवाच्या वहीत नऊ अ‍ॅक्रोनिम झाले. दहावे सुचेना.

"पणजोबांना विचारते," म्हणून ती आतल्या खोलीत पळाली.

आप्पा, म्हणजे माझे वडील, यांची इथे ओळख करून द्यायला हवी. वय अठ्ठ्याऐंशी. सगळी नोकरी तारखात्यात झाली. मोर्सची कडकट्ट करताकरता त्यांच्या बोटांना अशी सवय लागली, की अजूनही विचारात असले की टेबलावर बोट वाजत असते. तारेत शब्दाशब्दाला पैसे पडत. त्यामुळे कमीत कमी शब्दांत भागवणे हा त्यांचा धर्म झाला. आमच्या लहानपणी त्यांचे रागावणेदेखील दोन शब्दांच्या वर जात नसे. जुलै २०१३ मध्ये सरकारने तार बंद केली, त्या शेवटच्या दिवशी आप्पांनी रांगेत उभे राहून आपल्याच घरच्या पत्त्यावर एक तार केली. ती आजही त्यांच्या पेटीत आहे.

तर हे आप्पा आषाढात मोरीत पाय घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, ती उत्तम पार पडली, आठव्या दिवशी घरी आले. औषधांचा कागद मी वाचू लागलो तेव्हा त्यांनी तो माझ्या हातून घेतला. "माझं मी बघतो." गोळ्यांचा डबा, कागद आणि घड्याळ उशाशी घेऊन ते शिस्तीत औषधे घेत. तक्रार नाही. फक्त चालायला तयार नसत. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रोज विनवी, "आजोबा, वॉकर धरून चार पावलं तरी." आप्पा मान हलवीत. परवाच ती मला दाराशी बाजूला घेऊन म्हणाली होती, "असेच पडून राहिले तर पुढे उठणं कठीण आहे, काका. वय बघा ना." मी आणि सौभाग्यवती दोघेही हबकलो होतो. घरात त्या विषयावर कोणी मोठ्याने बोलत नव्हते इतकेच.

आतून आप्पांचा आवाज आला. बऱ्याच दिवसांनी त्यात जोर होता.

"एस-ओ-एस हा संक्षेपच नव्हे! कुणी सांगितलं तुला?"

मीही आत गेलो. रेवा म्हणत होती, "सेव्ह अवर सोल्स. आमच्या बाईंनी सांगितलं."

"बाईंना म्हणावं, ते मागाहून चिकटवलेलं. जर्मनीने १९०५ साली हा संकेत ठरवला, १९०६ मध्ये बर्लिनच्या परिषदेने तो जगासाठी घेतला. का? तर तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं. वाजवायला सोपं, वादळातही ओळखू येतं. अक्षरांमध्ये थांबायचंसुद्धा नाही, एका दमात वाजवायचं." त्यांचे बोट पलंगाच्या कडेवर वाजू लागले. "त्याच्या आधी मार्कोनी कंपनीचा सी-क्यू-डी होता. १९१२ साली टायटॅनिक बुडाली, तेव्हा तिच्यावरच्या तारवाल्याने दोन्ही पाठवले."

मला राहवले नाही. मी माझी पुस्ती जोडली. लोकांना अशी मागाहून नावे चिकटवण्याची फार हौस. 'पॉश' या शब्दाचेच पाहा. हिंदुस्थानात येणारे धनिक साहेब बोटीवर जाताना डावीकडच्या आणि परतताना उजवीकडच्या, म्हणजे सावलीच्या खोल्या घेत, त्यांच्या तिकिटांवर म्हणे त्या चार शब्दांची आद्याक्षरे छापलेली असत, त्यावरून 'पॉश'. कथा झकास आहे. फक्त असे एकही तिकीट आजतागायत कुणाला सापडलेले नाही! 'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरे, हीही तशीच थाप. तो शब्द 'न्यू'पासून सरळ आलेला.

"म्हणजे एस-ओ-एस लिहायचं नाही?" रेवा हिरमुसली. मग एकदम म्हणाली, "पण आप्पा, तुमच्या औषधाच्या कागदावर पण एस-ओ-एस लिहिलंय!"

"हो. ती शेवटची गोळी."

"शेवटची म्हणजे?"

"जहाज बुडायला लागलं की घ्यायची," आप्पा शांतपणे म्हणाले. "अजून तशी वेळ आलेली नाही."

खोलीत क्षणभर कोणी बोलेना. सौभाग्यवती हात पुसत आत आल्या, त्यांनी गोळ्यांचा डबा उघडला. दुखण्याच्या गोळीची पट्टी तळाशी होती. दहा गोळ्यांची. दहाच्या दहा जागच्या जागी.

"आप्पा, दुखतं का हो?" त्यांनी विचारले.

आप्पा भिंतीकडे पाहू लागले. मग म्हणाले, "रात्री जरा."

अकरा रात्री! शेजारच्या खोलीत मी घोरत होतो. मध्यरात्री पलंगाच्या कडेवर बोट वाजल्याचा आवाज मी दोन-तीनदा ऐकलाही होता. जुनी सवय, म्हणून कूस बदलली होती.

आणि खरी शरमेची गोष्ट पुढेच आहे. त्या कागदावरच्या एस-ओ-एसचा अर्थ मला तरी कुठे ठाऊक होता? इतका वेळ पिसारा फुलवून बसलेल्या इंग्रजीच्या मास्तरांनी मुकाट्याने डॉक्टरांना फोन लावला. ते आधी हसले, मग ऐकता ऐकता गंभीर झाले. म्हणाले, "अहो, ते लॅटिन आहे. 'सी ओपुस सित'. म्हणजे गरज पडल्यास. दुखलं की घ्यायची, चोवीस तासांत दोनपेक्षा जास्त नाही. मी सांगायला हवं होतं." 

आमचे शंभर वर्षांचे जहाज, त्याचा तारवाला आणि बर्लिनची परिषद! डॉक्टरांच्या मनात यातले काहीच नव्हते. अक्षरे तीच, क्रम तोच, पण एका घरात त्यांचा अर्थ 'बुडतोय, वाचवा' आणि दुसऱ्या घरात 'वाटल्यास घ्या'.

मग मी तो सबंध कागद ओळीओळीने विचारून घेतला. 'बी-डी' म्हणजे दिवसातून दोनदा, 'टी-डी-एस' म्हणजे तीनदा, 'एच-एस' म्हणजे निजताना. सारी लॅटिन. 'ओ-डी' म्हणजे दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर तेच 'ओ-डी' म्हणजे उजवा डोळा! अमेरिकेत इस्पितळांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ साली काही संक्षेपांवर चक्क बंदी घातली. इन्शुलिनच्या 'युनिट'साठी घाईत काढलेला इंग्रजी 'यू' शून्यासारखा दिसतो, आणि चाराचे चाळीस होतात. अशा गोष्टी घडतात म्हणून ती बंदी. अक्षरे वाचवण्यात किती काळ वाचतो ते मला माहीत नाही. आमच्या घरात त्याची किंमत अकरा रात्री पडली.

मी आप्पांना डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. त्यांनी नीट ऐकून घेतले.

"गरज पडल्यास," ते पुटपुटले. "पण गरज पडली हे ठरवायचं कुणी?"

"तुम्हीच, आप्पा."

ही गोष्ट त्यांना पटायला थोडा वेळ लागला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या आनंदाच्या आणि मरणाच्या तारा पोचवल्या, त्याला 'मला दुखतंय' हे दोनच शब्द जड जावेत! सौभाग्यवतींनी पाण्याचा पेला पुढे केला. आप्पांनी गोळी घेतली. त्या रात्री मी जागा राहून कानोसा घेतला. पलंगाची कड वाजली नाही. ते सकाळी सातपर्यंत झोपले.

रेवाने दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्यापूर्वी त्या गोळ्यांच्या पट्टीवर एक कागद चिकटवला. जाड शाईने, मराठीत, एकही अक्षर न गाळता तिने त्यावर लिहिले होते: 'दुखलं की घ्या. दिवसात दोनपेक्षा जास्त नको. रात्री मला हाक मारा.' शेवटचे वाक्य डॉक्टरांनी सांगितलेले नव्हते. वहीत तिने एस-ओ-एस लिहिलाच, पण अ‍ॅक्रोनिमच्या यादीत नव्हे. खाली वेगळी ओळ काढून: 'समुद्रावर हा संक्षेप नाही. औषधाच्या कागदावर आहे. अर्थ विचारून घ्यावा.' बाईंनी तिला दहापैकी नऊ गुण दिले. अ‍ॅक्रोनिम नऊच भरले होते, हे त्यांचेही बरोबरच.

परवा गणपती बसले. आरतीच्या वेळी आप्पा वॉकर धरून आतल्या खोलीतून बाहेर आले. चार नव्हे, चांगली अठरा पावले, रेवाने मोजली. दिवाळीत आकाशकंदील लावायला गॅलरीपर्यंत जायचे, असे त्यांनी जाहीर केले आहे. तुम्ही हा अंक वाचत असाल तेव्हा ते तिथे उभे असतील अशी आशा आहे.

तुमच्या घरातही औषधाचा असा एखादा कागद असेलच. फराळ झाला की तो एकदा काढा, आणि ज्याच्यासाठी तो लिहिला आहे त्याला विचारा, त्याने त्या अक्षरांचा काय अर्थ घेतला आहे. कळायला दोन मिनिटे पुरतात.

दिवाळीच्या शुभेच्छा. त्याचा संक्षेप मी करीत नाही.